रिवाइंडिंगच्या दुकानातल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

विज्ञान प्रदर्शनातल्या विद्युतचुंबकासाठी तुम्ही 26 गेजची 12 मीटर इनॅमल वायर (रोधक लेपाची तांब्याची तार) दिलीत आणि पैसे घेतले नाहीत. वजनाला ती जेमतेम 18 ग्रॅम. पण खरे आभार तुमच्या एका प्रश्नाचे: "वेढे वाढवाल हो, पण करंट तेवढाच राहणार का?"

वेढे दुप्पट केले की चुंबकीय क्षेत्र दुप्पट, असं वर्गात सांगितलं जातं. धारा, म्हणजे करंट, कायम ठेवली तर ते बरोबर आहे; एका सेलवर ती कायम राहत नाही. 8 मिमीच्या बोल्टवर एका वेढ्याला साधारण 3 सेंमी तार जाते आणि या तारेचा रोध मीटरला 0.105 ओम. दीड व्होल्टच्या सेलचा आतला रोध अर्धा ओम धरला, तर 50 वेढ्यांना 2.3 अँपिअर धारा मिळते, म्हणजे 114 अँपिअर-वेढे (धारा गुणिले वेढे; चुंबकाचा जोर यावर ठरतो). 100 वेढ्यांना 184, 200 ला 265, 400 ला 341. वेढे आठपट, जोर फक्त तिप्पट! याच तारेचे हजारो वेढे घातले तरी आकडा 476 च्या वर जाणार नाही, कारण तार लांबते त्याच प्रमाणात धारा घटते. बाहेरच्या थरांचा घेर मोठा, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी कमीच. ही हद्द ओलांडायची तर तार जाड हवी. तरी जास्त वेढ्यांचा एक फायदा उरतोच: 400 वेढ्यांवर धारा 0.85 अँपिअर, म्हणून सेल जास्त टिकतो आणि तार कमी तापते.

अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्रीला हे ठाऊक होतं. 1831 मध्ये त्यानं एकच लांब तार न गुंडाळता बऱ्याच छोट्या गुंडाळ्या समांतर जोडल्या आणि 900 किलोहून जास्त वजन पेललं.

गुंडाळतानाच्या तुमच्या सूचना तर पुस्तकात सापडत नाहीत. बोल्टच्या आट्यांवर आधी लेदरॉइड पेपर (मोटारीत वापरतात तो जाड रोधक कागद), नाहीतर इनॅमल खरवडून तार लोखंडाला टेकते. 5 सेंमीत एक थर, शंभरेक वेढे. थर संपला की मागे फिरायचं, पण गुंडाळण्याची दिशा तीच. मुलं नेमकी इथं चुकतात: दुसरा थर उलटा पडतो आणि पहिल्याचं क्षेत्र खाऊन टाकतो. 50, 100 आणि 200 वेढ्यांवर तारेचा फास बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे एकाच कॉइलवर चारही मापं होतात. टोकं जाळायची नाहीत, पॉलिश पेपरनं तांबं लखलखेपर्यंत घासायची. "चुंबक चालत नाही" या तक्रारीचं कारण बहुतेकदा टोकांवर उरलेलं इनॅमलच निघतं. आणि 8.8 छापलेला बोल्ट नको. कडक पोलाद धारा बंद केल्यावरही टाचण्या सोडत नाही.

वेगवेगळ्या वेढ्यांची तुलना आता 0.8 अँपिअर धारा रिओस्टॅटनं (कमी-जास्त करता येणाऱ्या रोधानं) कायम ठेवून करायची ठरली आहे. टाचण्या मोजण्यापेक्षा कॉइल पूर्व-पश्चिम ठेवून ठरावीक अंतरावर होकायंत्र बरं, कारण ओढ क्षेत्राच्या वर्गानं वाढते, तर सुईच्या कोनाचा टॅन्जंट जवळपास क्षेत्राच्या प्रमाणात.

तुमचा मल्टिमीटर सोमवारी परत आणून देतो. तारेचा अर्ध्या ओमाइतका लहान रोध मोजताना प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा आधी वजा करायचा, हेही टिपून घेतलं आहे.

आपले,
शाळेतले विज्ञान शिक्षक