नंदू, तो शाकोचो घेऊ नकोस

पुणे, रविवार रात्र

प्रिय नंदू,

तुझे तीन मेसेज आले आणि मी महिनाभर एकालाही उत्तर दिलं नाही, ही टोचणी होतीच. पण तू घ्यायला निघालेल्या शाकोचोचा (उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या सेटचा) फोटो काल पाहिला आणि आता लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. आईचा गुडघा बरा आहे, माझं बीपी गोळीवर ठीक चाललंय. ते झालं. आता मुद्द्याचं.

तो सेट घेऊ नकोस. स्वस्त आहे, रंग छान आहे, सगळं मान्य. पण पुढच्या स्प्रिंगवर १२ छापलंय आणि मागच्यावर १०. म्हणजे एक मिलिमीटर दाबायला १२ किलोचा जोर. तुझी टोयोटा ८६ साधारण साडेबाराशे किलोची, २०० घोड्यांची. ही स्प्रिंग गुळगुळीत ट्रॅकवर, चिकट टायर लावून पळणाऱ्याची आहे. तुला त्याच गाडीतून रोज ऑफिसला जायचंय, बाळाला लसीला न्यायचंय आणि महिन्यातून एखादा रविवार मेइहानच्या ट्रॅकवर ड्रिफ्ट करत, म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवत वळणं घेत, घालवायचाय.

कागद घे, हिशेब कर. पुढच्या एका कोपऱ्यावर चाक, हब, ब्रेक वगळून सुमारे २९५ किलो वजन येतं. ५ ची स्प्रिंग त्याखाली जवळजवळ ६० मिमी दबते. १२ ची दबते जेमतेम २५ मिमी. गाडी उभी असताना स्प्रिंग जितकी दबलेली असते, तितकंच चाक ती खाली ढकलू शकते. रस्ता २५ मिमीपेक्षा जास्त खचला की चाकाची पकड संपली, आणि पकड नसलेलं चाक वळतही नाही नि ब्रेकही घेत नाही. शिवाय गाडीला सेकंदाला तीन झोके. कारखान्यातून येणारी साधी गाडी सव्वा ते दीडवर असते. बाळ झोपणार नाही, आणि मग तुम्हा दोघांनाही झोप नाही.

तू म्हणणार, कडक तेवढी पकड. गोट्याच्या झेनची स्प्रिंग कापली त्या दिवसापासून तू हेच म्हणतोयस आणि मी तेव्हाही नाहीच म्हणालो होतो. टायरला पकड रस्त्याला चिकटून राहण्यातून मिळते, अंग कडक करण्यातून नाही.

माझं म्हणणं: पुढे ५, मागे ६. मागे जास्त का, तर मागची स्प्रिंग चाकापासून आत, आर्मवर बसते. चाक १ मिमी वर गेलं तर ती सुमारे पाऊण मिमी दबते. यात जोरही बदलतो आणि अंतरही, म्हणून पाऊणचा वर्ग धरायचा. मागची ६ चाकाशी ३.४ च्या आसपास उरते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग जवळजवळ चाकावरच उभी, तिथे ५ ची साडेचार. दोन्हीकडे सेकंदाला दोनाच्या किंचित खाली झोके. रस्त्यावर जरा टणक लागेल, पण सुसह्य. ड्रिफ्टला पुढचं टोक पटकन वळेल आणि मागचं थोडं बसेल. २०० घोड्यांना हे मागचं बसणं हवंच. मागे वजन आलं नाही तर टायर नुसते फिरतील, गाडी पुढे ढकलली जाणार नाही आणि कोपऱ्याच्या मध्यातच ड्रिफ्ट मरेल. डी१ या व्यावसायिक ड्रिफ्ट स्पर्धेतल्या राक्षसी ताकदीच्या गाड्यांचे आकडे तुझ्या कामाचे नाहीत.

आता माझी खरी काळजी. मला कडकपणापेक्षा उंचीचं भय वाटतं. टायर आणि फेंडरमध्ये बोटसुद्धा जात नाही अशी गाडी तुला हवीय, हे मला तुझ्या त्या एका ओळीवरून कळलं. गाडीचं पोट जमिनीपासून ९ सेंटीमीटर वर हवं हा नियम पाळला की शाकेनला, म्हणजे तिकडच्या सक्तीच्या वाहन तपासणीला, पास होईल, पण शॉकला दबायला जागा उरली आहे का, हे शाकेनवाला पाहत नाही. खूप खाली बसवलेल्या गाडीत शॉक आधीच बम्प स्टॉपच्या, म्हणजे प्रवास संपतो तिथल्या रबराच्या, उंबरठ्यावर असतो. पावसात, हायवेच्या वळणावर, पुलाचा सांधा आला की मागचा शॉक रबरावर आपटतो. त्या क्षणी स्प्रिंगचा आकडा एकदम अनेक पट होतो आणि मागची पकड सुटते. तू ड्रिफ्ट करत नसतोस आणि गाडी आडवी जाते. नंदू, मागे बाळाची सीट आहे.

म्हणून फक्त २५ मिमी खाली घे. बसवताना स्प्रिंग काढ, शॉक तेवढाच लाव, जॅकने चाक वर उचल आणि रबराला टेकेपर्यंत हबपासून फेंडरचं अंतर मोज. मग गाडी जमिनीवर उभी असतानाचं अंतर मोज. दोन्हींतला फरक ५० मिमी तरी हवा. जॅकवर असतानाच स्टिअरिंग पूर्ण फिरवून टायर आत कुठे घासतो का तेही बघ. शॉक उलटा मोनोट्यूब (दांडा खाली आत लपलेला) नसेल तर शॉकच्या दांड्याला एक केबल टाय बांध आणि महिनाभराने कुठवर सरकलाय ते बघ.

संपूर्ण लांबी बदलता येणारा शाकोचो घे, म्हणजे खालच्या ब्रॅकेटने उंची बदलते आणि शॉकचा प्रवास तसाच राहतो. स्प्रिंगची सीट खाली-वर करून उंची बदलणाऱ्यात खाली गेलं की प्रवास खाल्ला जातो, आणि सीट फार उतरवली तर चाक लोंबकळताना स्प्रिंग सैल होते. सैल स्प्रिंगवर शाकेन नापास. सीट वर फिरवून प्रीलोड (आधीचा दाब) दिल्याने एकसारख्या दराची स्प्रिंग कडक होत नाही, हे तुझ्या त्या मित्रालाही सांग.

टाइनचा फ्लेक्स झेड तुझ्या वापराला पुरेल: ट्विनट्यूब (दुहेरी नळीचा शॉक), कडकपणा बदलायला १६ क्लिक, पूर्ण लांबी बदलता येणारा. मात्र घेताना त्याच्या स्प्रिंगचे आकडे विचार. शॉक मूळ आकड्याच्या एक-दोन किलो इकडेतिकडेच नीट सांभाळतो. पैसे असते तर ओहलिन्सचा रोड अँड ट्रॅक म्हणालो असतो, पण उरलेले पैसे मागच्या, लांबी बदलता येणाऱ्या लोअर आर्मवर घाल. गाडी खाली गेली की मागचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत झुकलेला कोन, आपोआप दोन अंशांकडे जातो. ड्रिफ्टला मागे एक अंशच हवा, नाहीतर टायरची आतली कडा जळते आणि पुढे ढकलणारी पट्टी अरुंद होते. पुढे कॅम्बर ३ अंश आत, टो (वरून पाहता चाकांचा आत-बाहेर रोख) शून्य. मागे टो दर चाकाला १ मिमी आत. पुढचे टायर रोजच्या वापरात आतून झिजतील, ते गृहीत धर. पिलोबॉल माउंट (शॉकच्या वरच्या टोकाला रबराऐवजी धातूच्या गोळ्याचा सांधा) पुढेच घे, कॅम्बरसाठी. मागे रबर ठेव, नाहीतर थंडीत कट्‌कट् ऐकत बसशील.

बसवताना इम्पॅक्ट गन वरच्या नटाला लावू नकोस, दांडा फिरून सील जातं. एलन कीने दांडा धरून पान्याने आवळ. एबीएसची वायर आधी सोडव. आणि सगळ्यात महत्त्वाचं: आर्मच्या बुशचे (रबरी सांध्यांचे) बोल्ट चाक लोंबकळत असताना आवळायचे नाहीत. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं, उंची खोटी दिसते आणि वर्षात फाटतं. अँटीरोल बारच्या लिंकही वजनावरच. २०० किमी चालवून उंची पक्की धरणारी लॉक कॉलर पुन्हा आवळ, मग अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं). त्याआधी केलंस तर पैसे वाया.

शॉकच्या बटणाचे क्लिक पूर्ण बंद करून मोजायचे, मधून सुरुवात. एका वेळी दोन, आणि एकाच टोकाचे. सांध्यांच्या रांगेवर गाडी खाली खाली बसत गेली तर रीबाउंड (दबलेली स्प्रिंग उघडताना शॉकचा अडसर) जास्त झालाय, सैल कर.

वहिनींची तब्येत कशी आहे? बाळाचं नाव ठरलं का? काकांना नागोयाला न्यायचं कुठवर आलं? मामा विचारत होते. सविस्तर लिही, मी लगेच वाचेन.

आणि काहीही खोलण्याआधी चारही कोपऱ्यांचं हबच्या मध्यापासून फेंडरपर्यंतचं अंतर मोजून पाठव. ते चार आकडे आले की पुढचं मी सांगतो.

तुझा,
शिरीष