आशाताई, तुम्ही आधी थोरलीला हाक मारलीत

आशाताई,
सप्रेम नमस्कार.

काल बाळाच्या कार्डावर पंधराव्या महिन्याची भेट लिहून तुम्ही पेनचं टोपण लावलंत आणि म्हणालात, "माझ्या ठरलेल्या फेऱ्या आज संपल्या बघा." मी चहा घ्या म्हटलं, तुम्ही अर्धा कप घेतलात आणि निघालात. बोलायचं होतं ते घशातच राहिलं. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, कारण पिशवी घेऊन दारोदार जाणारी आशा सेविका घरात येऊन नेमकं काय करते, हे दोन बाळंतपणं होईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

थोरलीच्या वेळी मी माहेरी होते. या खेपेला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, थोरलीची अंगणवाडी नुकती रुळलेली, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. आषाढातलं बाळ. बाहेर धार लागलेली, सोप्यात दोऱ्यांवर ओले लंगोट, दुपटी, झबली. मुलांचे बाबा पुण्याला, शनिवारी रात्री येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. दवाखान्यातून घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बाळाच्या तिसऱ्या दिवशी, तुम्ही छत्री मिटत दारात उभ्या राहिलात. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली.

त्या दोन दिवसांत घरी पंधरा-वीस माणसं तरी येऊन गेली होती. जो येई तो सरळ बाळापाशी. साडेतीन वर्षांची थोरली खांबाला धरून उभी. कुणी तिला म्हणे, "आता तुझे लाड बंद हं!" आणि हसे. तुम्ही हात धुतलेत, पदराला न पुसता तसेच वाळू दिलेत, आणि आधी तिला हाक मारलीत. "ताई कोण इथली? मला मदत लागणार आहे."

बाळाचे श्वास मोजायचे होते. पुरा एक मिनिट, तेही बाळ शांत असताना. तुम्ही भिंतीवरचं घड्याळ काढून थोरलीच्या मांडीवर ठेवलंत. लाल काटा वर आला की 'चला' म्हणायचं, फिरून परत वर आला की 'थांबा'. आणि तोवर घरात कुणी बोलायचं नाही, त्याच्यावर तिनं लक्ष ठेवायचं. सासूबाई काहीतरी बोलायला गेल्या तर हिनं ओठांवर बोट ठेवलं! त्या गप्प बसल्या. ४८ भरले. साठ किंवा त्याच्या वर गेले, छाती आत ओढली जाऊ लागली, अंग गार किंवा तापलेलं लागलं, पिणं सोडलं, तर माझी वाट बघू नका, रुग्णवाहिकेसाठी १०२ ला फोन करा, असं तुम्ही सांगितलंत आणि नंबर कपाटाच्या दारावर लिहायला लावलात. तो तिथं अजून आहे.

मग झोळीचा काटा. जन्मताना २ किलो ८०० होता, तो २ किलो ६०० भरला आणि माझा धीर सुटला. दूधच येत नाही, वरचं सुरू करू या, असं घरात दोन दिवस चाललंच होतं. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, दोन आठवड्यांत भरून येतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही माझ्या शेजारी बसलात, बाळाचं तोंड नीट मोठं उघडू दिलंत, हनुवटी छातीला टेकवलीत, आणि बाळ घोट घेतंय तो आवाज मला ऐकवलात. चौदाव्या दिवशी काटा २ किलो ८५०.

सासूबाईंची गोष्टही लिहायलाच हवी. गुटीची सहाण, मध, शेगडीवर वेखंड-ओव्याची धुरी, सगळी तयारी त्यांनी महिनाभर आधी केली होती. त्यात त्यांची माया होती, आणि ती तुम्ही ओळखलीत. "काकू, मालिश तुमच्याच हातची पाहिजे, असा हात कुणाचा नाही. पण सहा महिने पोटात फक्त आईचं दूध. मध नाही, गुटी नाही, पाणीसुद्धा नाही. आणि धूर एवढ्याशा छातीला सोसत नाही." त्या रुसल्या. दोन दिवस माझ्याशीही जेवढ्यास तेवढं. पण सहाण परत फळीवर गेली, आणि सातव्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा डिंकाचा लाडू आधी तुमच्या हातावर ठेवला त्यांनीच.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

बाराव्या दिवशी बारसं झालं. पाळणा सजला, बाळाला कपडे, वाळे, आणि थोरलीला कुणीतरी बिस्किटाचा पुडा. दोन-तीन दिवसांनी दुपारी मी भाताचा कुकर उतरवत होते आणि बाळ किंचाळलं. हिनं पायाला चिमटा काढला होता, चांगला लाल वळ. मी तिला मारलं. पाठीत. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि त्या रात्री तिनं अंथरूण ओलं केलं, जे वर्षभर झालं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी तुम्ही वजन घेऊन वही मिटलीत आणि विचारलंत, "आणि तुम्ही कशा आहात?" तेव्हा हे सगळं बाहेर आलं. रडत रडत. तुम्ही मला चूक म्हणाला नाहीत, बरोबरही म्हणाला नाहीत. एवढंच विचारलंत, की दिवसातून किती वेळा तिला 'थांब, बाळ झोपलंय', 'थांब, बाळ पितंय' म्हणता? मी मोजलेच नव्हते. "मग आता बाळालाही म्हणायचं, 'थांब रे, ताईची वेणी चाललीय.' मोठ्यानं म्हणायचं. बाळाला कळत नाही, पण ते त्याच्यासाठी नाहीच." आणि रोज दहा-पंधरा मिनिटं बाळ काकूंच्या मांडीवर देऊन फक्त तिच्याशी बसायचं, त्या वेळात बाळाचा विषय काढायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेणी घालत होते, बाळ कुरकुरलं. मी म्हटलं, "थांब रे बाबा, ताईची वेणी अर्धी राहिलीय." माझ्या हातातल्या त्या एवढ्याशा मानेला जे झालं ते मला दिसलं. ती ताठ झाली. मग ती स्वतःच म्हणाली, "आई, तू घे त्याला. मी थांबते."

अंथरूण ओलं व्हायचं लगेच थांबलं नाही, महिना गेला. चिमटेही दोनदा झाले. पण माझा हात परत उठला नाही.

दीड महिन्याच्या लसी तिच्याच अंगणवाडीत होत्या. एक सुई डाव्या मांडीत, एक उजव्या, एक दंडाला, वर तोंडात थेंब. बाळाच्या आधी मीच घाबरलेली, आणि ही आपल्या मैत्रिणींना सांगत होती, "ताप येईल थोडा, घाबरायचं नाही." तुमचंच वाक्य. संध्याकाळी अंग तापलं तेव्हा तुमचाच फोन आधी आला.

सहा महिने भरल्यावर तुम्ही वरणाचं पाणी बंद केलंत. डाळ अशी घट्ट की चमचा वाकडा केला तरी घरंगळू नये, त्यात भाकरी कुस्करून, वर तुपाची धार, आणि बाळाची वाटी वेगळी, म्हणजे किती खाल्लं ते कळतं. दंडाचा घेर मोजायची ती रंगीत पट्टी लावलीत, हिरवी आली, म्हणजे पोषण ठीक. थोरलीनं न विचारता बाही वर केली. तुम्ही तिलाही लावलीत, तिच्या बाहुलीलाही.

मुलांच्या बाबांनी मला एकदा वाचून दाखवलं, की या घरभेटींची मुळं आपल्याच गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं ३९ गावांत तिथल्याच बायकांना शिकवून तयार केलं, त्या घरी जाऊन नवजात बाळं तपासू लागल्या, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, २०११ पासून देशभर आशा हे काम करू लागल्या. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस, आणि पुढे दर तीन महिन्यांनी. मी बोटांवर मोजलं, आमच्या घरी तुम्ही अकरा वेळा आलात. पहिल्या सहांचे मिळून अडीचशे रुपये, नंतरच्या पाचांचे अडीचशे. त्या पावसात, ओढ्याला पाणी असताना. हे मला पटत नाही आणि मी ते गप्प बसून सोसणार नाही. मानधनासाठी तुम्ही पुन्हा रस्त्यावर बसाल तेव्हा दोन्ही पोरं घेऊन मी तुमच्या शेजारी असेन. आणि एकविसाव्या दिवशी माझ्याजवळ बसलात तो पाऊण तास तर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

कालपासून थोरली विचारतेय, ताई आता कधी येणार. मी सांगितलं, दिवाळीनंतर बाळाचा पुढचा डोस आहे, तेव्हा आपणच जायचं. तिनं बाहुलीचं कार्ड काढून ठेवलंय, तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर करून दिलं होतं ते. बाहुलीचाही डोस राहिलाय म्हणे.

तुमची,
वरच्या आळीतली, थोरलीची आणि धाकट्याची आई