अण्णूस, रत्नागिरीहून

रत्नागिरी,
आषाढी एकादशीचा दुसरा दिवस

प्रिय अण्णू,

पाकिटावरचं अक्षर बघून तू चष्मा पुसला असशील. हो, मीच. नऊ वर्षांनी. फोन करणार होतो, पण तू आधी शिव्या घालशील आणि मग मी ठेवून देईन, हे दोघांनाही माहीत आहे. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही, एवढा एक फायदा.

तब्येत ठीक. कालच्या साबुदाण्याने छातीत जळजळतंय, शुगर आहे तिथेच आहे.

नीलू आली आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पहाटेच्या गाडीने, ओंकारला घेऊन. दोन बॅगा. हिने विचारलं, "राहायला ना गो?" तर म्हणाली, "बघू." तिकडे काय झालं ते मी विचारलेलं नाही. तुला बहुधा माझ्याआधीच ठाऊक असेल. असू दे. तिच्या लग्नाच्या रजिस्टरात सही केलीस तेव्हाच तो हक्क तू मिळवलास. (टोमणा नाही हा. म्हणजे थोडा आहे.)

महिना झाला. माझ्या गोळ्या वेळेवर हातात आणून देते, "पंखा लावू का बाबा" विचारते, आणि चहा झाला की स्वतःचा कप स्वतः विसळून ठेवते. आमच्या घरात कोणी आपला कप आपण विसळलेला तू कधी पाहिलास? पाहुणी वागते तशी वागते रे. आणि आता मारुती मंदिराकडे खोली बघून आली आहे, भाड्याची. मला हे हिच्याकडून कळलं. माडीवरच्या दोन खोल्यांत उंदीर नांदतायत आणि मुलगी याच गावात भाडं भरून राहणार. काल मी म्हटलं, "माडीची कौलं बदलून घेतो." तर म्हणते, "भर पावसाळ्यात कशाला?" झालं. माझं बोलणं तिथे संपलं.

पण लिहायला बसलो ते थिबा पॅलेससाठी.

ओंकारला "राजाचं घर" बघायचं होतं. परवा जरा उघडीप होती, तिघं रिक्षाने गेलो. आपण गडग्यावरून उड्या मारून कैऱ्या पाडायला जायचो, आता रीतसर तिकीट काढायचं. खाली वस्तुसंग्रहालय, वर ते संगमरवरी फरशीचं दालन. जांभ्याला शेवाळ धरलंय, पण लाकडी कोरीव कामाच्या अर्धगोल खिडक्या तशाच आहेत, आणि खिडकीतून भाट्याची खाडीही. तू ज्या गडग्यावरून पडलास आणि घरी मी ढकललं म्हणून सांगितलंस, तो मला वाटतं अजून तोच आहे. मी ढकललं नव्हतं. पंचावन्न वर्षं झाली, आता तरी कबूल कर.

पोराने विचारलं, "राजा इथे का आला?" बस्स, मी सुरू. तुला माझी खोड माहीत आहे. १८८५ साली ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले पडली, इंग्रजांनी तिथल्या थिबा राजाला गर्भार राणीसकट बोटीत घातलं, आधी मद्रास, मग पुढच्या वर्षी रत्नागिरी. हा पॅलेस झाला १९१० साली. म्हणजे चोवीस वर्षं दुसऱ्याच्या बंगल्यात काढली तेव्हा हा मिळाला, आणि यात राहिला जेमतेम सहा वर्षं. "मग घरी नाही गेला?" नाही. मेल्यावरसुद्धा नाही. राणी इथे दफन करू देईना, पेटी दोनेक वर्षं आवारातच होती. हे ऐकून पोरगा भलताच खूश. पेटी कुठे होती म्हणून खोल्याच हुडकायला लागला.

पुढे थोरल्या राजकन्येवर येणार तोच जीभ चावली. नीलू शेजारीच उभी. थोरली आणि पहाऱ्यावरचा गोपाळ सावंत, त्यांची मुलगी टूटू, हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत. १९१९ साली राणीबरोबर ब्रह्मदेशात परत गेली, तिथे राहिली नाही, पुन्हा रत्नागिरीतच आली, आणि गरिबीत गेली. हे नको म्हणून घाईघाईने दुसरीवर उडी मारली. आगीतून फुफाट्यात! दुसरी प्रेमापायी घर सोडून कलेक्टरच्या बंगल्यावर जाऊन बसली. राजाने तिला आणायला मोटार पाठवली. मोटार रिकामी परत आली आणि राजाने हाय खाल्ली, असं सांगतात. १९१६ च्या डिसेंबरात गेला. मी हे सगळं हातवारे करून सांगितलं. ओंकारसाठी मोटारीचा आवाजसुद्धा काढला.

नीलू खाडीकडे बघत होती. वळली नाही. म्हणाली, "त्याने गाडी पाठवली तरी, बाबा."

एवढंच. आवाज चढलेला नाही, काही नाही. मग खाली बसून ओंकारच्या बुटाची नाडी बांधली आणि आम्ही मागच्या बाजूची बुद्धाची मूर्ती बघायला गेलो.

अण्णू, तुझी ती खटारा फियाट! आमच्या गल्लीत अर्धा तास सुरू ठेवून बसला होतास आणि हॉर्न मारत होतास. मी देवघरात रामरक्षा म्हणत होतो, मोठ्याने, हॉर्न ऐकू येऊ नये म्हणून. तीन वेळा झाली. चौथी सुरू केली तेव्हा तू गेलास. मला ऐकू आलं नसेल असं तुला वाटलं असेल. आलं होतं. हे हिलाही सांगितलेलं नाही.

आणि मला हे कळत नाही की गाडी आली होती, हे नीलूला माहीत कसं नाही? तू एकटा पोचलास तेव्हा तिला माझ्याबद्दल काय सांगितलंस? आजारी आहे म्हणालास? की नावच काढलं नाहीस? नऊ वर्षं मी तुझ्यावर सहीसाठी रागावलोय, पण खरं विचारायचं होतं ते हे. तू काय सांगितलंस ते कळल्याशिवाय मी तिला काय सांगणार?

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं असं कळलं, बरं झालं. धाकट्याने बंगळुरूला फ्लॅट घेतला म्हणे, अभिनंदन. तुझं प्रोस्टेटचं काय झालं ते भेटल्यावर सविस्तर सांग, पत्रात नको.

खोलीचा ताबा एक तारखेला आहे. टेम्पो सांगितलाय तिने. त्याआधी ये. रेल्वेने आलास तर स्टेशनवर घ्यायला मी उभा राहतो, पण जमलं तर गाडीच घेऊन ये. फियाट नसेल, जी असेल ती. गल्लीत आलास की हॉर्न एकदाच मार, पुरे.

तुझा,
दिनू

ता. क. गडग्याचं विसरू नकोस.