अभियांत्रिकीतून वैद्यकीयकडे जाणाऱ्यांना प्रयोगशाळा कोण देणार?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी मुंबईतील एका कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षांहून अधिक काळ जीवशास्त्र शिकवले आणि आता निवृत्त होऊन लालबागला राहते. निवृत्तीनंतर शिकवणीसाठी अकरावी-बारावीची मुले येतील अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात गेल्या दोन वर्षांत सर्वाधिक चौकशी केली ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असलेल्या किंवा नुकतीच पदवी हाती आलेल्या मुलामुलींनी. बारावीला जीवशास्त्र घेतले नव्हते, आता डॉक्टर होता येईल का, हा त्या सर्वांचा प्रश्न असतो. नियमाने होता येते. परंतु त्या वाटेवर जीवशास्त्राची प्रात्यक्षिके करायला प्रयोगशाळा मिळत नाही, ही एक साधी, मनावर घेतले तर वर्षभरात दूर होण्याजोगी अडचण आहे आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या विनियमांनुसार अकरावी व बारावी अशी सलग दोन वर्षे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र प्रात्यक्षिकांसह शिकलेल्या विद्यार्थ्यालाच एमबीबीएसला प्रवेश मिळत असे. पुढे त्या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून, बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान हा अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही ‘नीट’साठी पात्र ठरवले. वयाचेही तसेच. २०१७ मध्ये खुल्या प्रवर्गासाठी २५ आणि राखीव प्रवर्गांसाठी ३० वर्षे अशी कमाल मर्यादा घालण्यात आली होती. आयोगाने ऑक्टोबर २०२१ च्या बैठकीत ती रद्द केली आणि मार्च २०२२ मध्ये हा निर्णय सर्वांना कळला. म्हणजे बावीस-तेवीस वर्षांच्या अभियंत्याने वैद्यकीय शिक्षणाकडे वळण्यात आता कागदोपत्री कोणतीही आडकाठी उरलेली नाही.

माझ्याकडे येणारी एक मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षात आहे. तिचे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरीला आहेत आणि घरात पदवीपर्यंत पोहोचणारी ती पहिलीच. प्रकल्पासाठी तिच्या गटाने हृदयाच्या विद्युत आलेखातील (ईसीजीतील) गोंगाट, म्हणजे नको असलेले संकेत, गाळून काढण्याचे काम घेतले होते आणि त्याकरिता आलेख गोळा करायला ती काही दिवस एका रुग्णालयात जात होती. तिने मला सांगितले, ‘‘बाई, आलेख साफ करता येत होता, पण समोरच्या आजोबांची पावले इतकी का सुजलीत, हे मला कळत नव्हते, आणि ते कळल्याशिवाय मला घरी जाववत नव्हते.’’ वडिलांनी तिला बायोमेडिकल इंजिनीअरिंगचा मार्ग सुचवला, आणि तो सल्ला मुळीच अयोग्य नाही. सीटी स्कॅनसाठी १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळालेले गॉडफ्रे हौन्सफील्ड हे अभियंतेच होते. पण हिला यंत्र बनवायचे नाही, रुग्णाच्या उशाशी उभे राहायचे आहे. मी तिला पदवी पूर्ण कर असे सांगितले आहे आणि ती ते करणार आहे.

आता ही वेळ मुळात का येते, हेही सांगितले पाहिजे, कारण त्यात आम्हा कनिष्ठ महाविद्यालयांचा मोठा वाटा आहे. दहावीचा निकाल लागतो, कट-ऑफच्या धावपळीत प्रवेश होतो आणि त्याच आठवड्यात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला विषय निवडावे लागतात. अभियांत्रिकीकडे कल आहे असे दिसले की त्याला बायफोकल घ्यायला सांगितले जाते, म्हणजे दुसरी भाषा आणि जीवशास्त्र सोडून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा दोनशे गुणांचा विषय. यात गुण चांगले मिळतात हे खरे, आणि क्लासशी बांधलेल्या वेळापत्रकात जीवशास्त्राची प्रात्यक्षिके बसवणे गैरसोयीचे असते हेही खरे. पण हा विषय सोडलास तर पुढे कोणती वाट बंद होईल, हे त्या मुलाला कोणी समजावून सांगत नाही. मीही वर्षानुवर्षे त्या प्रवेशाच्या टेबलाशी बसले आहे आणि रांग लांब असल्यामुळे मीही ते सांगितले नाही, याची आज मला खंत वाटते.

राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेला ‘तुरळक विषय’, म्हणजे सगळे विषय न घेता हवे तेवढेच सुटे विषय, घेऊन बसणाऱ्यांचा एक वर्ग असतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचाही पर्याय आहे. परंतु राज्य मंडळात जीवशास्त्राचे ७० गुण लेखी आणि ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फतच भरावा लागतो, आणि नेमके इथे घोडे अडते. ही मुलगी परळ ते दादर या पट्ट्यातील चार महाविद्यालयांत जाऊन आली. दोन ठिकाणी खिडकीवरूनच ‘‘आम्ही तुरळक घेत नाही’’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्या ठिकाणी पुढच्या आठवड्यात या, असे तीनदा सांगण्यात आले. चौथ्या ठिकाणी मात्र तिला अतिशय आपुलकीने बसवून घेतले आणि सांगितले की काळजी करू नकोस, इतके पैसे भर, जर्नल तयार मिळेल, प्रात्यक्षिकाला एकदाही यायची गरज नाही, गुणांचे आम्ही बघून घेऊ. तिने हे सांगितले त्या रात्री मला झोप लागली नाही. उद्या ज्या मुलीच्या हाती माणसांचे जीव द्यायचे, तिला वैद्यकीय शिक्षणाच्या उंबरठ्यावर मिळणारे पहिलेच प्रमाणपत्र न केलेल्या कामाचे असावे, आणि ते आम्हा शिक्षकांच्या सहीने असावे, यापेक्षा लाजिरवाणे काय असू शकते?

तिने ते नाकारले. तेव्हापासून मी घरीच माझ्या जुन्या सूक्ष्मदर्शकावर तिला शिकवते. पेल्यातल्या पाण्याला तळ टेकेल असा कांदा ठेवला की तीन-चार दिवसांत पांढरी मुळे फुटतात. त्यांची टोके सकाळी कापून घ्यायची, सौम्य आम्लात मऊ करायची, ॲसिटोकार्माइनने रंगवून किंचित शेकायची आणि कव्हरस्लिप ठेवून टिपकागदाच्या घडीवरून अंगठ्याने सरळ दाब द्यायचा. अंगठा जरा तिरका सरकला की पेशी एकमेकींवर चढतात आणि काही म्हणजे काही ओळखू येत नाही. तिच्या पहिल्या तीन काचपट्ट्या अशाच वाया गेल्या. चौथीत एका पेशीत रंगसूत्रे मधोमध गोळा झालेली दिसली. तिने बराच वेळ डोळा लावून पाहिले, पुस्तकातली आकृती काढून ताडून पाहिली आणि विचारले, ‘‘आकृतीत रांग सरळ आहे, मग इथे तिरकी का?’’ पेशी आपल्या सोयीच्या बाजूने काचपट्टीवर पडत नाही, हे तिला त्या दिवशी कळले. तयार जर्नल घेणाऱ्याला हा प्रश्न कधी पडणारच नाही. मात्र माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर केलेल्या या कामाला मंडळाच्या लेखी काडीचीही किंमत नाही.

दुसरी एक तक्रारही नोंदवते. वरळीच्या अभ्यास गल्लीत रात्री अभ्यासाला बसणारा एक मुलगा माझ्याकडे येत असे. त्याने दुसऱ्या वर्षानंतर अभियांत्रिकी सोडायचे ठरवले, तेव्हा त्याच्या महाविद्यालयाने उरलेल्या दोन वर्षांची फी भरल्याशिवाय दाखला देणार नाही असे सांगितले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या अधिसूचनेत विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यास मनाई केली आहे, आणि प्रवेश रद्द करणाऱ्याकडून पुढील वर्षांची फी मागू नये असे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनेही मान्यताप्राप्त संस्थांना बजावलेले आहे. हे लेखी दाखवल्यावर त्याला दाखला मिळाला, पण तोवर पाच महिने गेले होते.

अशी मुले अभियांत्रिकीची जागा वाया घालवतात आणि वर वैद्यकीयची जागा अडवतात, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. ‘नीट’च्या गुणवत्ता यादीत अभियंत्याला वेगळी सवलत नाही; १८० प्रश्न आणि ७२० गुणांची तीच प्रश्नपत्रिका तोही सोडवतो, आणि त्यातले निम्मे, म्हणजे ९० प्रश्न त्याला नव्याने शिकाव्या लागणाऱ्या जीवशास्त्राचे असतात. २०२५ मध्ये बावीस लाखांहून अधिक विद्यार्थी या परीक्षेला बसले. त्यांच्यातून वर येऊन जो जागा मिळवतो, तो कोणाचीही जागा अडवत नाही.

सगळ्यांनीच वळावे असे मात्र मी म्हणत नाही. एम-थ्री आणि एम-फोर या गणिताच्या विषयांत नापास होऊन केटी लागल्या म्हणून घाबरून वैद्यकीयचे नाव घेणारेही माझ्याकडे येतात, आणि त्यांना मी परत पाठवते. आधी एखाद्या पालिका रुग्णालयात सकाळी केसपेपरच्या रांगेपासून दुपारी ओपीडी संपेपर्यंत बसून या, मग बोलू, असे सांगते. बरेच जण पुन्हा फिरकत नाहीत. हिशेबही मी स्पष्ट मांडते. एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि आंतरवासितेचे एक, सरकारी महाविद्यालय मिळाले तर बंधपत्राचे, म्हणजे सक्तीच्या सेवेचे, आणखी एक वर्ष, त्यानंतर पदव्युत्तर शिक्षणाची तीन. बावीसाव्या वर्षी पदवी घेऊन तयारीला लागलेली मुलगी सर्व काही वेळेवर झाले तरी तेहतिशीच्या आसपास तज्ज्ञ डॉक्टर होते. अभियांत्रिकीच्या चार वर्षांतले एकही श्रेयांक तिला एमबीबीएसमध्ये उपयोगी पडत नाही. अमेरिकेत पदवीनंतरच वैद्यकीय शाळेत जायचे असल्याने हा बदल तिथे नेहमीचा मानला जातो. आपल्याकडे तो करणाऱ्याला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागते. हे सारे ऐकूनही जो थांबतो, त्याचे मन खरोखर तिथे आहे असे मी समजते.

माझी मागणी फार मोठी नाही. राज्य मंडळाच्या मुंबई विभागाने दक्षिण मुंबई, दोन्ही उपनगरे, ठाणे आणि नवी मुंबई मिळून काही कनिष्ठ महाविद्यालये तुरळक विषय म्हणून जीवशास्त्र घेणाऱ्यांची प्रात्यक्षिक केंद्रे म्हणून नेमावीत, त्यांची नावे आणि शुल्क संकेतस्थळावर जाहीर करावे आणि तिथे आलेल्या पात्र विद्यार्थ्याला नाकारता येणार नाही असे परिपत्रक काढावे. रविवारी आणि मे महिन्यात आपल्या प्रयोगशाळांना कुलपे असतात. नोकरी किंवा अभियांत्रिकीची सत्रे सांभाळणाऱ्यांसाठी हाच वेळ सोयीचा आहे. हजेरी मात्र काटेकोर असावी आणि जर्नल विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातचेच असावे. शिकवायला माणसे नाहीत असे कारण कोणी देऊ नये. माझ्या ओळखीतल्या चार निवृत्त शिक्षिका मानधनाविना हे काम करायला तयार आहेत, पाचवी मी.

ही मुलगी येत्या बारावीच्या परीक्षेचा अर्ज भरणार आहे आणि ज्या महाविद्यालयात तिला खरोखर प्रयोगशाळेत उभे करतील, अशा महाविद्यालयाच्या शोधात अजूनही फिरते आहे. अर्ज भरण्याची मुदत संपण्यापूर्वी मंडळाने निदान मुंबईतील अशा केंद्रांची यादी प्रसिद्ध करावी, ही आपल्या दैनिकामार्फत कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
लालबाग, मुंबई