दादाला किडनी देण्याआधी

नाशिक

प्रिय सुन्या,

दादाचं डायलिसिस सुरू झालं आणि तू लगेच 'माझी एक घ्या' म्हणून मोकळा झालास. तुझा स्वभावच तो. पण रोज सोनोग्राफीच्या मशीनसमोर बसणारा माणूस म्हणून सांगतो, आधी तुझं पोट बघू दे.

दादाचे फोटो पाहिले. 10-11 सेंमीची असायची ती किडनी 19 सेंमीची झालीय. सिस्टच सिस्ट, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशव्या, पडद्यावर काळ्याभोर, एकीला एक चिकटलेल्या. याला पॉलिसिस्टिक किडनी म्हणतात. पेनकिलर खाऊन दादाने किडन्या घालवल्या असं काकू म्हणतात ना, त्यांना सांग, त्याने हे ओढवून घेतलेलं नाही. हे जन्मापासूनचं आहे. तुझ्या वडिलांचं, म्हणजे काकांचं, बीपी कायम वर आणि गेले ते ब्रेन हॅमरेजने. या आजारात मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा येण्याचा धोकाही जास्त असतो. आता खात्रीने कोण सांगणार, पण हे काकांकडूनच आलं असा मला तरी संशय येतो.

दोष बहुतेकदा 16व्या गुणसूत्रावरच्या पीकेडी-1 जनुकात असतो, काहींचा 4थ्यावरच्या पीकेडी-2 मध्ये. दुसरा प्रकार जरा सावकाशीने वाढतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक बिघडलेली असली तरी दुसरी बरीच वर्षं निभावून नेते. मग किडनीतल्या एखाद्या नलिकेतल्या एखाद्या पेशीत ती चांगली प्रतही बिघडते. ती पेशी वाढत सुटते, आत पाणी सोडते, आणि तिथे सिस्ट धरते. असं इथे एक, तिथे एक. म्हणून तर पोरगा पंचविशीत ठणठणीत आणि पन्नाशीत डायलिसिसवर.

आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची निम्मी शक्यता. दादाला आलं म्हणून तू सुटलास, असा हिशेब नाही. चाळिशीच्या आत दोन्ही किडन्यांत मिळून तीन सिस्ट सापडल्या तरी, घरात हा आजार असताना, निदान पक्कं समजतात. आणि तुझी सोनोग्राफी स्वच्छ आली तरी दाता म्हणून तेवढ्यावर भागत नाही. एमआरआय करतील, कदाचित जनुक तपासणीही. तीही आधी दादाच्या रक्ताची. त्याच्यात नेमका दोष सापडला की तोच तुझ्यात शोधायचा.

तुझ्यात नसेल तर बिनधास्त दे. दादाचा आजार नव्या किडनीत शिरत नाही, आणि तुझ्या चिमीलाही तुझ्याकडून काही जाणार नाही. असेल तर बीपी आजपासून सांभाळायचं. टोलव्हॅप्टन नावाच्या औषधाने सिस्टची वाढ मंदावते, पण सारखं लघवीला पळवतं आणि लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. मग दादासाठी वहिनींचा विचार होईल. 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात नवरा-बायको जवळचे नातेवाईकच.

रविवारी ये. काकांचे जुने कागद घरात असतील ते घेऊन ये, बीपीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्यासुद्धा.

तुझा,
विन्या