हातगुण, ड्युटीचा तक्ता आणि पुरावा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य.

विषय : रुग्णालयातील बालमृत्यूप्रकरणी परिचारिकेवर गुन्हा नोंदवण्यापूर्वी तज्ज्ञ मंडळाचा अभिप्राय बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी नागपुरात 31 वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली, त्यांतली शेवटची 14 वर्षे परिसेविका, म्हणजे कक्षातल्या परिचारिकांची प्रमुख म्हणून, आणि यातला बहुतेक काळ नवजात बाळांच्या कक्षात गेला. निवृत्त झाले तरी जुन्या सहकारी आणि नव्या मुली यांच्याशी बोलणे सुरू असते. गेल्या दोन वर्षांत या बोलण्यात इंग्लंडमधल्या लूसी लेटबी या परिचारिकेचे नाव वारंवार येते. एका नव्या अधिपरिचारिकेने मला विचारले, ‘‘मॅडम, उद्या हे आपल्यासोबत झालं तर आपल्या बाजूनं कोण उभं राहील?’’ तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

त्या खटल्याची हकीकत थोडक्यात अशी. चेस्टर शहरातील काउंटेस ऑफ चेस्टर रुग्णालयात जून 2015 ते जून 2016 या काळात नवजात बाळांचे मृत्यू आणि अचानक प्रकृती ढासळण्याच्या घटना एरवीपेक्षा जास्त झाल्या. ऑगस्ट 2023 मध्ये ज्यूरीने लेटबीला 7 बाळांच्या खुनाबद्दल आणि आणखी 6 बाळांच्या खुनाच्या प्रयत्नाबद्दल दोषी ठरवले, आणि जुलै 2024 मध्ये फेरखटल्यात आणखी एका बाळाच्या खुनाच्या प्रयत्नाचा दोष तिच्यावर सिद्ध झाला. तिला मरेपर्यंत कारावासाची शिक्षा आहे, आणि अपिलाची परवानगी मागणारे तिचे अर्ज फेटाळले गेले. त्यानंतर फेब्रुवारी 2025 मध्ये नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. शू ली यांच्या अध्यक्षतेखालील 14 तज्ज्ञांच्या गटाने जाहीरपणे सांगितले की, या बाळांच्या वैद्यकीय नोंदींत त्यांना खुनाचा पुरावा आढळला नाही; मृत्यू नैसर्गिक कारणांनी किंवा उपचारांतील त्रुटींमुळे झाले असावेत. विशेष म्हणजे रक्तवाहिनीत हवा शिरण्याविषयी डॉ. ली यांनी 1989 साली सहलेखक म्हणून लिहिलेल्या शोधनिबंधाचाच सरकार पक्षाने खटल्यात आधार घेतला होता. कायद्याच्या लेखी ती दोषी आहे, तिच्या वकिलांनी फौजदारी निकालांचे पुनर्विलोकन करणाऱ्या आयोगाकडे अर्ज केला आहे, आणि ज्यांची बाळे गेली ते आईवडील दर नव्या चर्चेत पुन्हा होरपळत आहेत. त्या देशातला निवाडा त्या देशातली न्यायालये करतील. मला जे सांगायचे आहे ते आपल्या कक्षांविषयी आहे.

त्या खटल्यात ज्यूरीसमोर एक तक्ता ठेवला होता. एका बाजूला 25 संशयास्पद घटना, दुसऱ्या बाजूला 38 परिचारिकांची नावे, आणि सर्वच्या सर्व घटनांपुढे फुली असलेले नाव फक्त एकच, लेटबीचे. तो पाहून कोणाचीही खात्री पटेल. पण कोणत्या घटना ‘संशयास्पद’ म्हणून तक्त्यात घ्यायच्या आणि कोणत्या वगळायच्या हे आधीच ठरले असेल, आणि ठरवताना ड्युटीवर कोण होते हे ठाऊक असेल, तर तक्ता तेच दाखवणार जे त्यात भरले आहे, असा संख्याशास्त्रज्ञांचा आक्षेप आहे. ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने 2022 सालीच, म्हणजे या खटल्याचा निकाल लागण्याआधी, अशा प्रकरणांत आकड्यांचा अर्थ कसा लावावा याविषयी सविस्तर अहवाल काढला होता.

आपल्याकडे या तक्त्याला फार जुना शब्द आहे, ‘हातगुण’. सांगू नये अशी एक गोष्ट आज सांगते. पंचवीसेक वर्षांपूर्वी शहरातल्या एका रुग्णालयात, मी काम करत असलेल्या कक्षात, 9 दिवसांत 3 बाळे गेली, आणि तिन्ही वेळा रात्रपाळीला एकच सिस्टर होती. आधी आया बोलल्या, मग नातेवाईक, आणि शेवटी आमच्यातल्याच काहीजणी: हिचा हातगुण वाईट आहे. एका बाळाच्या मामाने तर ‘‘हिनंच मारलं’’ असे म्हणत तिच्या अंगावर धाव घेतली. कोणीही हे विचारले नाही की, ती रात्रपाळीला इतकी का होती. उत्तर ड्युटी लावणारीला, म्हणजे मला, ठाऊक होते. कक्षात सर्वांत हलके आणि सर्वांत अत्यवस्थ बाळ आले की त्याच्याजवळ मी तिलाच ठेवत असे, कारण केसासारख्या बारीक शिरेत सुई पहिल्याच प्रयत्नात घालणारी ती एकटी होती. मरणाच्या सर्वांत जवळ असलेली बाळे ज्या हातात दिली, त्याच हातांवर मरणाचा आळ आला. पुढे कल्चरचे अहवाल आले तेव्हा जंतू ऑक्सिजनच्या बाटलीतल्या पाण्यात सापडले. ते पाणी वेळच्या वेळी बदलले जात नव्हते. बाटल्या बदलल्या आणि मृत्यू थांबले. त्या सिस्टरने मात्र बाह्यरुग्ण विभागात बदली मागून घेतली आणि नंतर कधीही नवजात बाळाला हात लावला नाही. त्या 9 दिवसांत मी तिच्या बाजूने एक शब्दही बोलले नाही, ही गोष्टही या पत्रात असायला हवी.

हातगुणाचा पाश्चात्त्य अवतार नेदरलँड्समध्ये पाहायला मिळतो. हेग येथील लुसिया द बर्क या परिचारिकेला रुग्णांच्या खुनांबद्दल 2003 साली जन्मठेप झाली. इतक्या घटनांच्या वेळी ती योगायोगाने हजर असण्याची शक्यता 34 कोटी 20 लाखांत एक आहे, असा आकडा न्यायालयात मांडला गेला होता. हिशोब चुकीचा होता, वैद्यकीय पुरावाही टिकला नाही, आणि 2010 साली ती निर्दोष सुटली. तोवर तिला तुरुंगात पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. टोरोंटोच्या बालरुग्णालयातील सुझन नेलिस या परिचारिकेला बाळांच्या खुनाच्या आरोपावरून 1981 साली अटक झाली. तिने वकील मागितला, हेच पोलिसांना संशयास्पद वाटले. 1982 मध्ये प्राथमिक सुनावणीतच न्यायाधीशांनी तिच्यावरील आरोप काढून टाकले.

मी परिचारिकांची वकिली करण्यासाठी लिहीत आहे असा समज होऊ नये, कारण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 1991 साली इंग्लंडमधल्या ग्रँथम येथे बेव्हर्ली ॲलिट या परिचारिकेने 4 मुलांचा जीव घेतला आणि आणखी कित्येकांना इजा केली. मुलाच्या रक्तात इन्सुलिनचे अवाजवी प्रमाण प्रयोगशाळेत सापडले, तेव्हा संशयाला पक्का आधार मिळाला. आणि चेस्टरमध्ये तर डॉक्टरांनी वारंवार शंका मांडूनही रुग्णालयाच्या प्रशासनाने पोलिसांना मे 2017 पर्यंत कळवले नाही; उलट त्या डॉक्टरांनाच लेटबीची लेखी माफी मागायला लावले. म्हणजे गुन्हा झाला असेल तर तो झाकला जातो, आणि झाला नसेल तर निरपराध माणूस भरडला जातो. दोन्हींचे मूळ एकच आहे: बाळ गेले त्या आठवड्यातच मृत्यूचे कारण कोणी तटस्थपणे शोधले नाही.

आता आपल्या भागाकडे येते. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली, 10 बाळे गेली, 7 वाचली. ज्या इमारतीत ही आग लागली तिच्या अग्निसुरक्षेतल्या त्रुटी तेव्हा चव्हाट्यावर आल्या, पण सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला गेला तो दोन परिचारिकांवर. त्या रात्री कोणाचे काय चुकले हे न्यायालय पाहील. माझा प्रश्न एवढाच आहे की, कक्षातली सर्वांत खालच्या पायरीवरची व्यक्ती आधी का सापडते? 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याची मुले मूत्रपिंड निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत दाखल होत होती, आणि 20 हून अधिक मुले दगावली. येथे झालेल्या मूत्रपिंडाच्या तपासणीतून विषाचा संशय बळावला, आणि तमिळनाडूच्या प्रयोगशाळेत या मुलांना दिलेल्या कफ सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन 48.6 टक्के निघाले. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना 4 ऑक्टोबरच्या रात्री अटक झाली. कारखान्याचा मालक 9 ऑक्टोबरला पकडला गेला. डॉक्टरांची जबाबदारी कितपत आहे हे खटल्यात ठरेल, पण त्या पाच दिवसांत दूरचित्रवाणीवर खुनी कोण ते ठरूनही गेले होते.

डॉक्टरांना निदान एक आडोसा आहे. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली सांगितले की, निष्काळजीपणाचा आरोप असलेल्या डॉक्टरला सरसकट अटक करू नये आणि तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे. अटकेविषयीचे ते वाक्य डॉक्टरांविषयी आहे. त्याहून गंभीर बाब 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आहे. कलम 106(1) प्रमाणे निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना तसे घडले तर ती 2 वर्षांपर्यंतच आहे. ‘वैद्यकीय व्यावसायिक’ याची जी व्याख्या तिथे दिली आहे तीत परिचारिका बसत नाही, तिचे नाव परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असले तरीही. एकाच खाटेपाशी, एकाच मिनिटाला, एकाच चुकीसाठी डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षे आणि त्याने सांगितलेले इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरला पाच. हा कायदा केंद्राचा आहे, हे मला ठाऊक आहे. पण फौजदारी कायदा समवर्ती सूचीत असल्यामुळे राज्याला दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती मागता येते, आणि निदान केंद्राला लेखी शिफारस तर आपण उद्याच करू शकता.

आपल्या हातात आणखी बरेच आहे, आणि त्यासाठी शासन निर्णय पुरेसा आहे. रुग्णालयातील बालमृत्यूवरून परिचारिकेवर गुन्हा नोंदवण्याआधी दुसऱ्या जिल्ह्यातील मंडळाचे लेखी मत घ्यावे. त्या मंडळावर नवजात शिशुतज्ज्ञ आणि न्यायवैद्यक तज्ज्ञ असावेत, कक्षात प्रत्यक्ष काम केलेली एक ज्येष्ठ परिचारिका असावी, आणि मृत्यूंची मालिका असेल तेव्हा एक संख्याशास्त्रज्ञही असावा. तक्ता तयार करताना घटना आधी निवडाव्यात, ड्युटीची नावे झाकून ठेवून. नावे नंतर उघडावीत. मंडळाला मुदत असावी, समजा 15 दिवस, कारण अनंतकाळ चाललेली चौकशी मेलेल्या बाळाच्या आईवरही अन्याय करते आणि संशयित परिचारिकेवरही. आणि संशय पहिल्यांदा बोलून दाखवणाऱ्या डॉक्टरला किंवा सिस्टरला बदलीची भीती नसावी. चेस्टरच्या प्रशासनाने केली तीच चूक आपल्याकडे गप्प बसवण्याच्या रूपाने रोज होते.

बालमृत्यू परीक्षणाची पद्धत राष्ट्रीय आरोग्य अभियानात 2014 पासून कागदावर आहे. मी ते फॉर्म भरले आहेत. ‘कारण’ या रकान्यात बहुधा ‘सेप्सिस’, ‘कमी वजन’, ‘श्वासावरोध’ यांतला एक शब्द लिहिला जाई आणि फाइल बंद होई. ऑक्सिजनच्या बाटलीतल्या पाण्यासाठी त्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता, रात्री एका सिस्टरकडे किती बाळे होती यासाठीही आम्ही कधी आकडा लिहिला नाही. तो रकाना घाला, आणि भरलेल्या फॉर्मची प्रत मराठीत आईवडिलांच्या हाती द्या. ज्यांना कारण सांगितले जात नाही ते कारण शोधतात, आणि त्यांना सर्वांत आधी दिसते ती शेवटी बाळाजवळ उभी असलेली बाई.

वृत्तवाहिन्यांबद्दल फार लिहीत नाही, त्यांना आपण काय सांगणार. पण पोलीस व रुग्णालय प्रशासनाने आरोपपत्र दाखल होईपर्यंत परिचारिकेचे नाव, छायाचित्र आणि घराचा पत्ता देऊ नये, एवढे परिपत्रक गृह विभागाशी बोलून काढता येईल.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण डिसेंबरमध्ये नागपुरात असता. त्या दिवसांत एका रात्री, कोणालाही न कळवता, शहरातल्या कोणत्याही सरकारी नवजात शिशू कक्षात या. बाळे मोजा, मग परिचारिका मोजा, आणि ऑक्सिजनच्या बाटलीवर पाणी बदलल्याची तारीख लिहिली आहे का ते पाहा. त्यानंतर मला बोलावणे आलेच, तर मी शासन निर्णयाचा मसुदा सोबत घेऊन येईन. दोन निवृत्त सहकाऱ्यांच्या मदतीने तो लिहून तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका,
नागपूर