नकाशातल्या ‘दऱ्यां’चा ‘दर्या’ होऊ देऊ नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुने नकाशे, पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्या, संस्थांची बोधचिन्हे असे कितीतरी साहित्य कोरलड्रॉ या चित्रे आखण्याच्या प्रोग्रामच्या सीडीआर फाइलींत पडून आहे. त्या फाइलींचे एसव्हीजी (रेषाचित्रांचा खुला फाइलप्रकार) किंवा पीडीएफमध्ये एकगठ्ठा रूपांतर करून घेण्याकडे आता कल आहे, आणि ते योग्यच आहे. पण फाइली हजारोंनी असल्या की काम प्रोग्रामवर सोपवले जाते. प्रोग्राम रेषा नीट नेतो, मराठी अक्षरे मात्र वाटेत सांडतो. हे टाळता येते, म्हणून हे पत्र.

जुन्या फाइलींतला मजकूर बहुतेक वेळा युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, नसतो. कृतिदेवसारख्या फॉन्टात ‘राजा’ हा शब्द आतून जे-के-टी-के या रोमन अक्षरांनीच साठवलेला असतो. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी चेहरा देतो. रूपांतर करणाऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर प्रोग्राम गुपचूप दुसरा फॉन्ट लावतो आणि कोणतीही चूक न दाखवता पुढे जातो. म्हणून अंतिम रूपांतराआधी सगळ्या फाइलींत कोणकोणते फॉन्ट आहेत याची यादी काढावी. एसव्हीजी ही साधी मजकूर-फाइल असल्याने, पहिली कच्ची फाइल निघाली की त्यातला ‘फॉन्ट-फॅमिली’ हा शब्द शोधून ही यादी काही ओळींच्या स्क्रिप्टने तयार होते. कोणत्या रोमन अक्षराच्या जागी युनिकोडमधले कोणते अक्षर घ्यायचे हे सांगणारा तक्ता प्रत्येक फॉन्टकुळाचा वेगळा असतो. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावला की सगळाच गोंधळ.

अक्षरास अक्षर बदलून भागत नाही. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, ती युनिकोडमध्ये व्यंजनानंतर न्यावी लागते. रफार अक्षरानंतर टंकलेला असतो, तो आधी आणावा लागतो. आणि खास मराठीची गोष्ट म्हणजे ‘ऱ्य’. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले तक्ते त्याचा ‘र्य’ करून टाकतात. सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ नकाशावर ‘दर्या’ होतात, दरीच्या जागी समुद्र! शब्दतपासणीलाही हे सापडत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

मजकूर युनिकोडमध्ये आला तरी पुढचे साधन जपून निवडावे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतले कैरोएसव्हीजी हे रूपांतराचे साधन प्रत्येक चिन्ह आले त्या क्रमाने मांडते, जोडाक्षरे घडवत नाही. परिणामी ‘शिवनेरी’ची वेलांटी ‘श’ सोडून ‘व’ला चिकटते आणि ‘शविनेरी’ छापले जाते. इंकस्केप आणि आरएसव्हीजी-कन्व्हर्ट ही दोन्ही साधने अक्षररचनेसाठी पँगो ही जोडाक्षरे नीट घडवणारी प्रणाली वापरतात, तिथे हे होत नाही. इंकस्केप प्रत्येक फाइलीसाठी नव्याने सुरू केले तर बराच वेळ सुरू होण्यातच जातो; मोठ्या गठ्ठ्यासाठी ते शेल पद्धतीने (खिडकी न उघडता, लेखी आज्ञांवर) एकदाच उघडून आज्ञा द्याव्यात. इमेजमॅजिक या चित्ररूपांतराच्या साधनाच्या वाटेला मात्र जाऊ नये. ते एसव्हीजीचे पीडीएफ देते खरे, पण आत रेषा उरत नाहीत, ठिपक्यांचे चित्र असते. पीडीएफमधली ठिपक्यांची चित्रे शोधणाऱ्या पीडीएफइमेजेस या छोट्या साधनाने हे लगेच उघडे पडते.

नकाशांसाठी आणखी एक धोका मापाचा. इंकस्केपच्या ०.९२ पूर्वीच्या आवृत्त्या एका इंचात ९० पिक्सेल धरत, ०.९२ पासूनच्या ९६ धरतात. ज्या जुन्या फाइलीत माप नुसत्या पिक्सेलमध्ये आहे आणि व्ह्यूबॉक्स (चित्राची चौकट व प्रमाण सांगणारी नोंद) नाही, तिच्यातली १०० मिलिमीटरची रेषा नव्याने ९३.७५ मिलिमीटर भरते. नकाशावर १ : ५०,००० असे छापलेले असेल तर २ सेंटिमीटरला १ किलोमीटर हवा, प्रत्यक्षात १.८७५ सेंटिमीटरलाच तो संपतो. रेषाप्रमाण नकाशासोबतच आकसते म्हणून खरे राहते, संख्याप्रमाण खोटे ठरते. रूपांतरानंतर एक ज्ञात अंतर मोजून पाहावे, एवढाच उपाय.

छपाईच्या बाबतीत थोडक्यात: एसव्हीजीत रंग आरजीबीत (पडद्यासाठीच्या लाल-हिरव्या-निळ्यात) असतात. ते घोस्टस्क्रिप्ट या साधनाने सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत) नेताना निव्वळ काळा मजकूर चार रंगांत फुटू शकतो, आणि प्लेट केसभर सरकली तरी शिरोरेघेला रंगीत सावली येते. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर आहे ना, हे छपाईआधी पाहावे. ईपीएस या छपाईच्या जुन्या फाइलप्रकारात पारदर्शकता बसतच नाही, त्यामुळे तिथे पारदर्शक भाग असलेली चित्रे ठिपक्यांची होऊ शकतात; पीडीएफ चालत असेल तर ईपीएस मागू नये.

आता मुख्य विनंती. अक्षरे बिघडू नयेत म्हणून मजकुराच्या नुसत्या बाह्यरेषा करून देण्याची पद्धत आहे. छापखान्यासाठी ती ठीक, संग्रहासाठी घातक. बाह्यरेषा झाल्यावर ‘कळसूबाई’ हा शब्द उरत नाही, उरतो आकार. तो शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, दृष्टिहीन वाचकाला यंत्र वाचून दाखवू शकत नाही. संस्थांनी कामाचा आदेश देतानाच मूळ सीडीआर, युनिकोड मजकुराची एसव्हीजी (वापरलेल्या फॉन्टसह) आणि छपाईची पीडीएफ अशा तिन्ही प्रती मागाव्यात. एसव्हीजीत भाषा मराठी असल्याची नोंदही असावी. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातला मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ काही फॉन्टांत त्या नोंदीवरूनच उमटतो.

आणि पूर्ण गठ्ठा देण्याआधी एका फाइलीत ‘शिवनेरी, दऱ्या, कृष्णा, श्रीवर्धन, ट्रक, ऱ्हस्व, पूर्व’ एवढे शब्द टाकून तिचे रूपांतर करून घ्यावे, कागदावर छापून घ्यावे आणि मराठी वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावे.

आपला,
मुद्रणपूर्व कामातील एक वाचक, पुणे